दुसऱ्याचं ठेवायचं झाकून

आमच्या बैठकीच्या खोलीत दाताच्या डॉक्टरची खुर्ची आहे. घरात दाताचा डॉक्टर कुणी नाही. आई शिवणकाम करते, बाबा गोदाम सांभाळून निवृत्त झाले आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. दात तसे आम्हा सगळ्यांना आहेत, पण तेवढ्याने खुर्चीचा खुलासा होत नाही.

खुलासा असा, की आम्ही तळमजल्यावर राहतो आणि शेजारच्या गाळ्यात पूर्वी दातवाल्यांचा दवाखाना होता. मी तेव्हा शाळेत होतो. त्यांना गाळा सोडावा लागला. नवी जागा मिळाली होती, पण तिथली फरशी अजून ओली होती. ते दारात उभे राहून बाबांना म्हणाले, "दोन दिवस खुर्ची तुमच्याकडे राहिली तर चालेल का? फरशी वाळली की घेऊन जातो."

बाबा म्हणाले, "त्यात विचारायचं काय."

खरं तर विचारायला पाहिजे होतं. खुर्ची आणायला चार हमाल लागले. तिला वरून लोंबणारा दिवा होता, बाजूला चूळ टाकायचं भांडं होतं आणि खाली एक पेडल होतं, ते दाबलं की खुर्ची माणसासकट वर जायची. ती आत आली तेव्हा लक्षात आलं, की आता बाबांची आरामखुर्ची बाहेर काढावी लागणार. लाकडी, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, जिच्यात बसलं की माणूस निम्मा दिसेनासा होतो, तशी ती होती. बाबांनी जन्मात स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच वस्तू. बाकी सगळं त्यांनी घरासाठी घेतलं होतं किंवा सेलमध्ये होतं म्हणून.

दातवाल्यांना फार अवघड वाटलं. म्हणाले, "माझ्यामुळे तुमची अडचण नको. ही मी टेम्पोत टाकून नेतो. परवा माझी न्यायला येईन तेव्हा तुमची घेऊन येतो."

बाबा म्हणाले, "सावकाश आणा."

या बाबतीत दातवाल्यांनी बाबांचा शब्द तंतोतंत पाळला. मी दहावी झालो, मला मिशा आल्या, मी मिशा काढल्या, नोकरीला लागलो. ती फरशी बहुतेक अजून ओलीच होती.

"आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून" असं लोक म्हणतात. आमच्या घरात दुसऱ्याचं ठेवायचं झाकून आणि आपलं कुठे गेलं ते विचारायचं नाही. आईने खुर्चीला फुलाफुलांच्या चादरीचा अभ्रा शिवला. दिव्याला वेगळी टोपी शिवली. बाबा महिन्यातून एकदा अभ्रा काढून पेडलला तेल द्यायचे आणि खुर्ची चालवून बघायचे. रिकामी खुर्ची वर जायची, रिकामी खाली यायची. आम्ही तिघं जमिनीवर बसून बघायचो. मग बाबा समाधानाने म्हणायचे, "उद्या जरी न्यायला आले तरी मान खाली घालावी लागणार नाही."

तिच्यावर कुणी बसायचं नाही हे कधी कुणी बोललं नव्हतं. पाण्यात श्वास घ्यायचा नाही हे तरी कोण कुणाला सांगतं. आईने एकदा चूळ टाकायच्या भांड्यात एक वेल लावला होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. वेल खिडकीत गेला.

पाहुण्यांवर खुर्चीचा परिणाम व्हायचा. चांगली बोलती माणसं आत आल्यावर गालाला हात लावून बसायची. विम्याचा एक माणूस तर बोलता बोलता आईपुढे तोंड उघडून म्हणाला, "ही मागची जरा बघता का." गल्लीतले लोक दात दुखला की आमच्याकडेच यायचे. बाबा त्यांना दातवाल्यांच्या नव्या दवाखान्याचा पत्ता सांगायचे आणि वर, "हात हलका आहे त्यांचा," असंही सांगायचे. बाबांचे स्वतःचे दात त्यांनी कुणालाच कधी दाखवले नव्हते.

"एवढे पेशंट पाठवता," आई म्हणायची, "एखाद्याच्या हाती निरोप पाठवा की आमची खुर्ची द्या म्हणून."

"छे. त्यांना वाटेल आपण तगादा लावतोय."

"आणि तुम्ही जमिनीवर बसता ते?"

"जमीन आपली आहे," बाबा म्हणायचे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन छान झालं. घोडं पुढे अडलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जमिनीवर बसणं आता विसरा. खाली वाकून बसायची खुर्चीसुद्धा नको. उंच बसायचं, पाठ टेकलेली पाहिजे, पाय समोर लांब केलेला पाहिजे. दिवसातला बराच वेळ. नाहीतर सूज उतरणार नाही, आणि आत्ता गुडघा वाकला नाही तर पुढे मी काही करू शकणार नाही."

आमच्याकडे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यांत पाठ टेकली की त्या मागे जातात. एक लोखंडी घडीची आहे, ती बसल्यावर आपण होऊन घडी होते. पलंगावर पडून बाबांची कंबर धरली. शेवटी त्यांना लोखंडीवर बसवलं, पाय पालथ्या बादलीवर ठेवला, बादलीवर उशी. उशी घसरायची, मग पाय घसरायचा, मग बाबा "काही नाही, काही नाही" म्हणायचे. आणि हातभर अंतरावर, अभ्र्याखाली, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतं. उंची, पाठ, पायपट्टी, वर दिवासुद्धा.

आठवडा गेला. सूज जागची हलली नाही. बाबा भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचे आणि परत येताना खुर्चीला वळसा घालून यायचे, चुकूनही तिला हात लावायचे नाहीत. भिंत धरायचे. भिंत आपली होती.

अशात आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिला बाबा अक्का म्हणतात आणि टरकतात. तिने दारातून आत पाऊल टाकलं, पिशवी आईकडे दिली, भावाकडे बघितलं, आणि "बाई गं, थकले," म्हणत सरळ दातवाल्यांच्या खुर्चीत बसली.

आईने पिशवी छातीशी धरली. एखाद्याने देवाच्या डोक्यावर टोपी अडकवलेली बघून धरावी तशी.

"अक्का, ऊठ," बाबा म्हणाले.

"का? ओली आहे?"

"आपली नाही ती."

"मग मी काय बांधून नेतेय? बसलेय फक्त." तिने पाठ टेकली, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. "अगं बाई, काय सुख आहे. आणि हा राजा बादलीवर पाय ठेवून बसलाय. सिंहासन शेजारी मोकळं."

"मालकाला न विचारता वापरायची नसते वस्तू."

"मालकाला विचार मग."

"कसं विचारू? विचारलं की त्यांना आठवण करून दिल्यासारखं होतं. आठवण करून दिली की त्यांना न्यावी लागणार. त्यांची सोय नसेल अजून."

आत्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "एवढी वर्षं सोय व्हायची आहे? काय करतो तो माणूस, एकेक दात गोळा करून घर बांधतोय?" मग म्हणाली, "ऊठ, तू जा. त्याला सांग, माझ्या बापाला बसायचंय. एवढंच सांग."

"खबरदार," बाबा मला म्हणाले. "खुर्चीचा विषयही काढायचा नाही."

दोघांचंही ऐकायचं ठरवून मी निघालो. म्हणजे दाढ दुखतेय म्हणून जायचं आणि विषय त्यांनाच काढू द्यायचा.

नवा दवाखाना आता नवा राहिलेला नव्हता. बाहेरच्या खोलीत एकच लांब बाक, त्यावर गाल सुजलेली माणसं दाटीवाटीने, उरलेली उभी. मी उभ्यांत उभा राहिलो आणि सहज वर बघितलं. समोरच्या भिंतीवर, दोन भक्कम हुकांना, बाबांची आरामखुर्ची टांगलेली होती.

ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या डाव्या हातावर माझ्या दातांच्या खुणा होत्या, लहानपणीच्या. पट्ट्यांचं कापड मात्र कोरं करकरीत दिसत होतं. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "हल्ली भिंतीवर कायपण लावतात. पण रंगसंगती बरी आहे."

मी टेबलाजवळच्या मुलीला विचारलं, "ती खुर्ची खाली का नाही ठेवत? माणसं उभी आहेत."

"ती सरांच्या ओळखीच्यांची आहे," ती म्हणाली. "खाली ठेवली की कुणीतरी बसतं. एकदा एक आजोबा बसले, तेव्हापासून सरांनी वर टांगली. दर दोन-तीन वर्षांनी सर तिचं कापड बदलतात, सेम पट्ट्यांचं शोधून. ते न्यायला येणारेत ना."

"कधी?"

"ते नाही माहीत. मी लागले त्याच्या आधीपासून येणारेत."

माझा नंबर लागला. दातवाल्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. केस पिकले होते, बाकी तसेच होते. "बस," ते म्हणाले. मी बसलो. त्यांची ही खुर्ची नवी होती, बटणांची, समोर छोटा टीव्ही असलेली. "आ कर." मी बोलायला म्हणून तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी त्यात कापसाचे दोन बोळे ठेवले आणि वर नळी अडकवली. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी मन मोकळं केलं.

"तू कशाला आलायस ते मला माहितेय," ते म्हणाले.

"आं," मी म्हणालो.

"फरशी वाळली होती रे. चौथ्याच दिवशी वाळली. पण इथले मालक म्हणाले, एवढी जुनी जड खुर्ची या फरशीवर नको, हप्त्याने नवीन घ्या. घेतली. मग ती जुनी आणून ठेवू कुठे? घरी आम्हीच एकमेकांना आडवे जातो. तुमची परत द्यायला यावं, तर माझी न्यावी लागणार. रिकाम्या हाताने कसा जाणार मी? तुझे वडील काही म्हणणार नाहीत, त्याचीच तर भीती. म्हणून आज नको, सोय झाली की जाऊ, असं करता करता." ते थांबले. "तुमच्या गल्लीतून जातच नाही मी. बाजारात तुझे वडील दिसले की रस्ता ओलांडतो."

बाबा नेहमी म्हणायचे, दातवाले फार कामात असतात, मान वर करून बघायलाही वेळ नसतो बिचाऱ्यांना.

"आणि ते पेशंट पाठवतात. सज्जनपणाची काही हद्द असते की नाही? एखादा महिना नवीन पेशंट आला नाही तर मला वाटतं, आता चिडले. मग परत कुणीतरी येतो आणि सांगतो, तुमचा हात हलका आहे म्हणाले. माझा हात हलका नाहीये रे, जड आहे. सगळे ओरडतात."

एवढं बोलून ते कामाला लागले. हात खरोखर जड होता. माझी एक दाढ किडलेली निघाली, म्हणजे मी खोटं बोलून आलो होतो तेही खोटं ठरलं. बोळे निघाल्यावर मी एकदाचं सांगितलं, बाबांच्या गुडघ्याचं, सुजेचं, बादलीचं आणि डॉक्टर काय म्हणाले त्याचं. सुन्न झालेल्या अर्ध्या जिभेने सांगितलं, त्यामुळे ते जास्तच करुण वाटलं असावं.

दातवाले बराच वेळ हात धूत राहिले. मग बाहेर जाऊन म्हणाले, "आज दवाखाना बंद. ती खाली काढा."

संध्याकाळी टेम्पो आमच्या दारात थांबला. टेम्पोत आरामखुर्ची, आरामखुर्चीला धरून दातवाले. बाबा उठायला गेले, लोखंडी खुर्ची घडी व्हायला लागली, मी आणि आत्याने दोघांना सावरलं.

"बसा, बसा," दातवाले म्हणाले.

"तुम्ही बसा," बाबा म्हणाले.

बसायला काहीच नव्हतं. म्हणजे दोन उत्तम खुर्च्या होत्या, आणि दोघंही त्यांच्यापासून अंतर राखून होते. आईने अभ्रा काढला. दातवाल्यांनी आपली खुर्ची बघितली, पेडल दाबलं. खुर्ची लोण्यासारखी वर गेली. "माझ्याकडे असताना ही कुरकुरायची," ते हळूच म्हणाले.

बाबांनी आरामखुर्चीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. "कापड नवीन घातलंत. उगाच खर्चात पडलात."

"उडत होता हो रंग. तुम्हाला फिकी कशी परत करणार."

दोघांनीही मान हलवली. एखाद्या परीक्षेत दोघांनाही सारखेच मार्क मिळावेत तसे ते दिसत होते.

"आता आधी तुम्ही या तुमच्या खुर्चीत बसा," दातवाले म्हणाले.

बाबांनी हातावर भार देऊन बघितलं. पण आरामखुर्ची जमिनीपासून जेमतेम वीतभर. बाबा निम्मे खाली गेले आणि गुडघ्याने नाही म्हटलं. आम्ही त्यांना वर ओढलं. आपल्याच खुर्चीत बसता आलं नाही म्हणून बाबा कसनुसे हसले. ते हसू मला काही आवडलं नाही.

"मग प्रश्नच मिटला," दातवाले म्हणाले. "माझी तुम्ही ठेवून घ्या. कायमची. आजपासून तुमची."

"नाही," बाबा म्हणाले.

"अहो, मला नकोच आहे ती."

"तुम्हाला नको असेल. पण तुम्ही ती आज मला देऊन टाकलीत, तर मग एवढी वर्षं मी काय सांभाळलं?" आवाज चढला नव्हता. गोदामात माल मोजताना लागायचा तसाच होता. "दुसऱ्याची होती म्हणून जपली. माझीच असती तर एव्हाना हिच्यावर कपडे वाळत घातले असते."

भिंतीवर टांगलेल्या खुर्चीखालून रोज जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. दातवाले म्हणाले, "हो. तुमची ही मला दिलीत तर मीही नाही घेणार."

"ऐका," आत्या आईला म्हणाली. "हाही घेत नाही, तोही घेत नाही, आणि पाय सुजतोय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या दोघांना मिळून एक बायको असती तर तिने विहीर जवळ केली असती."

तेव्हा मी बोललो. खरं तर मी बोललो ते फक्त धंद्याचं बोललो. म्हणालो, "बाबा, तुम्ही दर महिन्याला खुर्ची चालवून बघता ना? ती चाचणी धरत नाहीत."

बाबा वळले. "का धरत नाहीत?"

"रिकामी चालवता म्हणून. आमच्याकडे लिफ्ट रिकामी वर-खाली झाली म्हणून पास करत नाहीत. आत वजन ठेवून चालवावी लागते. रिकामी तर कुठलीही चालते. माणूस बसल्यावर आतलं तेल दाब धरतं का, ते बसल्याशिवाय कळतच नाही. इतकी वर्षं दाब न घेतलेली मशीन मी तर बिघडलेलीच समजतो."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गोदामात कुणी खराब मालाकडे बोट दाखवलं की उतरायचा तसा. "गोदामात पंप यायचे," ते सावकाश म्हणाले. "त्यांना बोजा लावूनच चालवायचो आम्ही. हे कसं नाही लक्षात आलं माझ्या?"

"सकाळी मी बसले होते की," आत्या म्हणाली.

"पेडल दाबलं नव्हतं," मी म्हणालो.

बाबा दातवाल्यांकडे वळले. "मालक समोर आहेत. तुमची हरकत नसेल तर मी चाचणी घेतो."

"घ्या ना. पण मग कापडाचंही तसंच असणार," दातवाले विचार करत म्हणाले. "टांगलेलं कापड आतून सुटतं. आपल्याला कळत नाही."

"बसून बघावं लागेल," बाबा म्हणाले. "तुम्हालाच. माझा गुडघा असा."

मी बाबांना धरून खुर्चीत बसवलं. ते काठावर टेकले, मग थोडे मागे सरले, मग पाठ टेकली. मी पाय उचलून पायपट्टीवर ठेवला. "हळू," बाबा म्हणाले, "दुसऱ्याची आहे." मी पेडल दाबलं. बाबा वर गेले. खुर्चीने दाब धरला. समोर दातवाले आरामखुर्चीत उतरले आणि निम्मे दिसेनासे झाले. आत्या म्हणाली, "आता एक देवळात आणि एक खड्ड्यात."

"आयुष्य उभ्याने गेलं हो," खड्ड्यातून आवाज आला. "हे असं असतं होय."

बाबांचा डोळा लागला होता. मान उशीवर, तोंड उघडं. दातवाल्यांनी थोडा वेळ संयम ठेवला. मग त्यांना राहवेना. धडपडत उठले, दिव्याची टोपी काढली, दिवा लावला आणि वाकून आत बघितलं.

"उठले की सांग त्यांना," ते मला कुजबुजले, "खालची डावीकडची गेली आहे."

आरामखुर्ची चाचणीसाठी दातवाल्यांबरोबर त्याच टेम्पोतून परत गेली. आता चाचणी रोज होते, कारण एका चाचणीवरून काही सांगता येत नाही असं दोघांचंही मत पडलं. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा बाबा फोन करतात.

"बसलात का?"

"बसलो. तुम्ही?"

"आता बसतो."

मग बाबा बसतात. दातवाले फोन उचलायला विसरले तर बाबा उभेच राहतात, म्हणून आई आधी दवाखान्यातल्या मुलीला फोन करून ठेवते. सूज उतरली आहे. गुडघा वाकतो, अगदी जमिनीपर्यंत नाही, पण वाकतो. उठताना बाबा अभ्रा घालतात, दिव्याची टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "आज ठीक चालली. उद्या परत बघू."